मेंदूच्या वेशीवर

पार्किन्सनच्या औषधाचा इतिहास सांगताना भर असतो तो डोपामिनच्या शोधावर. मेंदूत काय कमी पडले आहे हे कळल्यावर ते आत पोहोचवायचे कसे, हा प्रश्नही तितकाच अवघड होता. त्याची कथा मात्र क्वचितच सांगितली जाते.

१८८५ मध्ये पाउल एर्लिख यांना दिसले, की प्राण्याच्या रक्तात सोडलेला रंग इतर अवयवांत उतरतो, मेंदू तेवढा कोरा राहतो. मेंदूला रंगाचे आकर्षणच नसावे, असा अर्थ त्यांनी लावला. त्यांचे शिष्य एडविन गोल्डमन यांनी १९१३ मध्ये रंग मेंदूभोवतीच्या द्रवात सोडला आणि मेंदू रंगला. अडसर होता तो रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये. मेंदूतील केशवाहिन्यांच्या भिंतीतल्या पेशी एकमेकींना घट्ट सांधलेल्या असतात आणि हीच ती वेस, हे रीज व कार्नोव्स्की यांनी १९६७ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने दाखवले.

दरम्यान १९५७ मध्ये आर्विद कार्लसन यांनी सर्पगंधेतील रेसर्पिन देऊन निश्चल केलेल्या सशांना डोपा टोचले. ससे पुन्हा हालचाल करू लागले. १९६० मध्ये व्हिएन्नात एहरिंगर व हॉर्निकिविच यांना पार्किन्सनने मृत्यू पावलेल्यांच्या मेंदूत डोपामिन फार कमी आढळले. पण डोपामिन रक्तात दिले तर ते वेशीबाहेरच राहते. लेव्होडोपा हे त्याचे पूर्वरूप. ते अमिनो आम्ल असल्याने अन्नातील अमिनो आम्लांना आत नेणारे वाहक त्यालाही नेतात, आणि आत त्याचे डोपामिन होते. १९६१ मध्ये बिर्कमायर यांनी ते टोचल्यावर अंथरुणाला खिळलेले काही रुग्ण उठून चालले. परिणाम काही तासच टिकला. १९६७ मध्ये जॉर्ज कॉट्झियास यांनी तोंडावाटे, मात्रा हळूहळू वाढवत, तो टिकवून दाखवला.

हेच द्रव्य दामोदरन व रामस्वामी यांनी १९३७ मध्येच खाजकुइलीच्या बियांतून वेगळे केले होते. त्यावरून हे औषध मुळात आपलेच, असे म्हणण्याचा मोह होतो. बी आपल्याकडची, हे खरे. पण मेंदूत नेमके काय आटले आहे, हे कळायला १९६० साल उजाडावे लागले.

एक अडचण उरली. बरेचसे लेव्होडोपा वाटेतच डोपामिन होऊन जाई. त्याने मळमळ होई आणि मेंदूपर्यंत थोडेच पोहोचे. हे रूपांतर घडवणाऱ्या विकराला कार्बिडोपा रोखते. ते स्वतः वेस ओलांडत नाही, म्हणून आतले रूपांतर चालू राहते. या जोडीने लेव्होडोपाची मात्रा सुमारे तीन चतुर्थांशाने उतरली. एरवी आड येणारी वेस इथे कामी आली.

तरीही रोग थांबत नाही. पेशी मरतच राहतात. भरपूर प्रथिनांच्या जेवणानंतर तीच अमिनो आम्ले वाहकांसाठी स्पर्धा करतात आणि गोळीचा गुण कमी येतो. पेशी जगवू शकतील अशी मोठी प्रथिने वेशीतून जात नाहीत. म्हणून आज संशोधक त्यांना मेंदूत लोह नेणाऱ्या ग्राहींना चिकटणारा भाग जोडून पाहतात. वेस न फोडता तिथल्या वाहकाशी ओळख काढायची, ही युक्ती व्हिएन्नातल्या त्या रुग्णांपासून चालत आली आहे.