पूल, पण डिलाईल रोडचा नव्हे

लोअर परळमध्ये पूल म्हटलं की डिलाईल रोडचाच आठवतो. जुलै २०१८ मध्ये बंद झाला, तो पूर्ण सुरू व्हायला नोव्हेंबर २०२३ उजाडला. आजचा विषय मात्र दुसरा पूल, घरी जोडलेला ब्रिज अ‍ॅम्प्लिफायर.

ह्या जोडणीला भाव आला तो गाडीतल्या टेपमुळे. गाडीची बॅटरी १२ व्होल्टची. एका अ‍ॅम्प्लिफायरला स्पीकर फार तर सहा व्होल्ट इकडे-तिकडे हलवता येतो. गणित करा, ४ ओहमच्या स्पीकरला कागदावर जेमतेम साडेचार वॅट. मग दोन अ‍ॅम्प्लिफायर घ्यायचे, एकाला सिग्नल उलटा द्यायचा आणि स्पीकर दोघांच्या आउटपुटमध्ये पुलासारखा टाकायचा. एक ढकलतो तेव्हा दुसरा ओढतो. व्होल्टेज दुप्पट, पॉवर चौपट, म्हणजे १८ वॅट! इटलीच्या एसजीएस कंपनीने ह्यासाठी टीडीए२००५ ही चिप काढली, एका चिपमध्ये दोन अ‍ॅम्प्लिफायर. त्याच कंपनीची टीडीए२०३० आपल्याकडे घराघरांतल्या 'असेंबल्ड' सेटमध्ये जाऊन बसली.

१८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि बहुतेकांना परत आत जायला मिळालंच नाही. आमच्या चाळीतले एक काका गिरणीत फिटर होते. संपानंतर ते रेडिओ-टेप दुरुस्तीकडे वळले. लोअर परळहून गाडी पकडली की तिसरं स्टेशन ग्रँट रोड. तिथून लॅमिंग्टन रोड. पीसीबी, चिपा, रेझिस्टर, कपॅसिटर असं सगळं एका पिशवीत घेऊन यायचे. मी शाळेत असताना पाहिलेला त्यांचा ब्रिज सेट दोन टीडीए२०३० चा होता.

आता खरी गोम. 'ब्रिज केला की पॉवर चौपट' हे ऐकायला छान वाटतं. पण ब्रिजमध्ये प्रत्येक चिपला ८ ओहमचा स्पीकर ४ ओहमचा दिसतो, करंट दुप्पट लागतो. टीडीए२०३० एकटी, अधिक-उणे १४ व्होल्टवर, ४ ओहमला १४ वॅट देते. दोघींचा ब्रिज ८ ओहमला देतो २८. म्हणजे १४ अधिक १४, फुकट काहीच नाही! त्यावर ४ ओहमचा स्पीकर लावून तेवढाच आवाज चढवायचा तर पाच अँपिअरच्या वर करंट हवा, आणि चिपची मर्यादा साडेतीन. काका म्हणायचे, "अरे, दोन बैल जुंपले की वैरणपण दोघांची लागते." म्हणून त्यांचा ट्रान्सफॉर्मर आणि हीटसिंक दोन्ही दांडगे असायचे.

गणपतीत आमच्या मंडळाचा माईक ह्याच सेटवर चालायचा. विकत घ्यायचा तर तेवढी वर्गणीच जमत नसे. पण मला महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. संपाने काकांची नोकरी नेली, पण यंत्रावर किती भार टाकायचा ही त्यांची फिटरची समज नेता आली नाही. चाळीतली चार पोरं ती त्यांच्याकडून शिकली. त्यातला एक मी.

आज क्लास-डीचा तयार बोर्ड स्वस्तात मिळतो, आणि त्यातल्या बऱ्याच चिपांच्या पोटात हाच ब्रिज असतो. घेतलात तर आधी स्पीकरच्या पाठीवरचे ओहम वाचा, वॅट नंतर.