टारफुल्याला ज्वारीचा पत्ता कोण देतं?

चकलांब्यात ज्वारी-कापसावर बोलायचं म्हणजे जाणत्यांपुढे बोलणं. आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, औत कधी धरलं नाही. म्हणून आज एका प्रश्नाचा इतिहास तेवढा सांगतो.

टारफुला ज्वारीच्या मुळाला चिकटून तिचं अन्नपाणी ओढतो. तो जमिनीवर दिसायच्या आधीच ताटं खुरटायला लागतात. त्याचं बी धुळीसारखं बारीक, वर्षानुवर्षं जमिनीत जिवंत राहणारं. पण नुसत्या ओलीवर ते उगवत नाही. योग्य मूळ जवळ आलं की मगच उगवतं. त्याला ना डोळे, ना कान. मग कळतं कसं?

1956 मध्ये अमेरिकेच्या कॅरोलायना भागात मक्यावर टारफुला आढळला आणि तिथे शोधाला जोर आला. 1966 मध्ये कुक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुळांतून पाझरणारं एक रसायन वेगळं केलं. त्याचं नाव स्ट्रायगॉल. गंमत अशी, की ते मिळालं कापसाच्या मुळांतून, आणि कापसावर तर टारफुला जगत नाही! कापसाजवळ त्याचं बी फसून उगवतं, आधार न मिळाल्यानं थोड्याच दिवसांत मरतं. ज्वारीनंतर कापूस घेण्याचा हा एक फायदा. पिढ्यान्‌पिढ्या फेरपालट करणाऱ्यांना तो रसायनाचं नाव कळण्याआधीच मिळत होता.

तरी कोडं उरलंच. ज्वारी आपल्याच चोराला का बोलावते? ती काही गरीब गाय नव्हे. तिच्या मुळांतून सॉर्गोलिओन नावाचं द्रव्य पाझरतं, ते शेजारच्या तणांची वाढ रोखतं. मग इथेच ती अशी भोळी कशी?

उत्तर 2005 साली जपानमधून आलं. अकियामा आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की याच जातीची रसायनं मुळांशी मैत्री करणाऱ्या बुरशीला जवळ आणतात. ही बुरशी मुळांना स्फुरद पुरवते. म्हणजे हाक मित्रासाठी होती, टारफुला ती चोरून ऐकत होता! नत्र-स्फुरद कमी पडलं की ज्वारी ही रसायनं जास्त सोडते. रान जितकं भुकेलं, तितकी हाक मोठी.

‘हाक’, ‘ऐकणं’ हे शब्द आपले माणसांचे, हे मान्य. ज्वारीच्या मनात काही हेतू असतो, असं आम्ही म्हणत नाही. पण हेतू नसतानाही खूण असू शकते. ती कोण वाचेल, हे मात्र खूण करणाऱ्याच्या हातात नसतं. तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्ही जे पुस्तकातून शिकवत होतो, ते तुमच्या बांधाच्या आत रोज घडत होतं.

टारफुला माजला की लोक कसणाऱ्याला आळशी ठरवतात, नाहीतर नशिबाला बोल लावतात. तेव्हा आधी विचारावं, या रानाला शेणखत शेवटचं कधी मिळालं? पैशाअभावी खत न घालू शकणाऱ्याच्या शेतातच चोर जास्त येतो, हे ध्यानात ठेवून मगच कुणाला नावं ठेवावीत. टारफुला फुलायच्या आधी उपटायचा, हे तर तुम्ही जाणताच. सोबत रानाची भूकही भागवायला हवी.

इथे थांबतो. तुमचे प्रश्न येऊ द्या.