वाढणारीचे पान

आपल्याकडे कार्य कोणतेही असो, वाढणारीचे पान सर्वांच्या शेवटी मांडले जाते. पहिली पंगत पुरुषांची, दुसरी पाहुण्यांची आणि मुलाबाळांची. सगळे ढेकर देऊन उठल्यावर मग कंबर खोचून वाढणाऱ्या बायका बसतात. तोवर वरण निवलेले असते, भजी संपलेली असतात आणि "आणखी घ्या हो" असा आग्रह करायला कोणी उरलेले नसते. याबद्दल तक्रार करावी असे आपल्या मनातही येत नाही. असेच असते, असे म्हणून आपण चार घास खातो आणि भांड्यांकडे वळतो.

गेल्या वर्षी मंडळातल्या आम्ही नऊ मैत्रिणींनी दरमहा थोडे थोडे पैसे बाजूस टाकले आणि मुंबईतल्या एका नावाजलेल्या, चांगल्या महागड्या इटालियन हॉटेलात जेवण घेतले. वाढपी ताटल्या घेऊन आला, तेव्हा आमच्यातल्या वयाने वडील असलेल्या काकू सवयीने खुर्चीवरून उठल्या आणि त्याच्या हातातली ताटली घेऊ लागल्या. आम्ही सगळ्या हसलो, काकूही हसल्या. पण तेव्हापासून एक गोष्ट मनात घोळत राहिली. बायकांनी आपापल्या जमून बाहेर जेवायला जावे, आणि कोणी त्यांना मानाने वाढावे, हे आज साधे वाटते. त्यामागे केवढा तरी इतिहास आहे. आम्ही त्या दिवशी मागवलेल्या पदार्थाच्या पोटातही एका बाईची हकीकत आहे. त्या दोन्ही गोष्टी, भगिनींनो, मला समजल्या तशा येथे सांगते.

पहिली गोष्ट न्यूयॉर्क शहरातली. स्वित्झर्लंडच्या ज्या भागात इटालियन भाषा बोलतात, तिथून आलेल्या डेल्मोनिको नावाच्या दोघा भावांनी 1827 साली या शहरात मिठाईचे व कॉफीचे लहानसे दुकान घातले. पुढे त्याचे शहरातले सर्वात थाटाचे भोजनगृह झाले. त्या काळी कुलीन स्त्रीने सोबत पुरुष असल्याखेरीज अशा ठिकाणी जेवायला बसणे शिष्टसंमत नव्हते. 1868 साली इंग्लंडचे प्रसिद्ध कादंबरीकार चार्ल्स डिकन्स तेथे आले असता वृत्तपत्रकारांनी त्यांना डेल्मोनिकोमध्ये मेजवानी दिली. जेन क्रोली या बाई स्वतः वृत्तपत्रात लिहिणाऱ्या. त्यांनीही त्या मेजवानीला जायची इच्छा दर्शविली. पण केवळ स्त्री म्हणून त्यांना डावलण्यात आले.

जेनबाई रडत बसल्या नाहीत. त्यांनी मैत्रिणी गोळा केल्या, 'सोरोसिस' नावाचे स्त्रियांचे मंडळ काढले आणि त्याच वर्षी त्याच डेल्मोनिकोमध्ये, सोबत एकही पुरुष न घेता, सगळ्या जणी जेवायला बसल्या. पुढे 1890 साली याच मंडळाच्या पुढाकाराने अमेरिकेतल्या अनेक महिला मंडळांचा एक मोठा संघ झाला. म्हणजे सुरुवातीची कामे पाहिली तर, एकत्र बसून जेवणे हेही महिला मंडळाचे एक कार्यच ठरते!

आपल्याकडे त्या सुमारास काय होते? 1890 साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये चहा घेतला म्हणून केवढे काहूर उठले! चहा घेणाऱ्यांत न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक यांच्यासारखी माणसे होती. वाद शंकराचार्यांपर्यंत गेला आणि रानड्यांना प्रायश्चित्त घ्यावे लागले. एवढ्या मोठ्या पुरुषांची ही गत, तिथे बायकांनी बाहेर खाण्याची गोष्ट कशाला? पुढे मुंबईत इराण्यांच्या हॉटेलांतून 'फॅमिली रूम' म्हणून आडोसे झाले आणि बायामाणसे नवऱ्याबरोबर, मुलांबरोबर तेथे बसू लागली. नुसत्या मैत्रिणी मैत्रिणी मिळून जाण्याचा दिवस त्यानंतरही बराच उशिरा उजाडला.

आता दुसरी गोष्ट, रोम शहरातली. तेथे अँजेलिना नावाची एक बाई लहानशी खाणावळ चालवीत असे. तिचा मुलगा अल्फ्रेडो दि लेलियो तिच्या हाताखाली तयार झाला. 1908 च्या सुमारास अल्फ्रेडोची बायको इनेस बाळंतीण झाली. पहिलेच बाळंतपण, मुलगा झाला. परंतु इनेसची अन्नावरची वासनाच उडाली. आपल्याकडे अशा वेळी आई तूपभात भरवते, आळिवाची खीर करते, डिंकाचे लाडू वळते. अल्फ्रेडोने काय केले? ताज्या, चपट्या, लांब शेवया केल्या. यांना फेट्टुचिनी म्हणतात. त्या मिठाच्या पाण्यात उकडल्या आणि वाफाळत असतानाच त्यांत सढळ हाताने लोणी व किसलेले पार्मेझान चीज घालून वरखाली केल्या. लोण्याने, चीजने आणि शेवयांबरोबर आलेल्या थोड्याशा पाण्याने सायीसारखा दाट रस होतो. प्रत्यक्षात त्यात साय बिलकूल नसते. इनेसने ते आवडीने खाल्ले, आणि खाणावळीतही हा पदार्थ ठेवावा असे तिनेच सुचविले, अशी हकीकत त्या घराण्यात सांगतात.

लोणी-चीज घातलेल्या शेवया इटलीत त्याआधीही कित्येक शतके खात होतेच. अल्फ्रेडोने लोणी वाढवले आणि बाळंतिणीसाठी जीव लावून केले, एवढेच. 1914 साली त्याने रोममध्ये स्वतःचे भोजनगृह काढले. 1920 साली मेरी पिकफर्ड व डग्लस फेअरबँक्स हे अमेरिकन मूकपटांतले नामवंत जोडपे लग्नानंतरच्या प्रवासात तेथे जेवले आणि त्या शेवयांवर खूश झाले. 1927 साली त्यांनी अल्फ्रेडोला सोन्याचा काटा आणि चमचा भेट दिला. त्यावर त्याला शेवयांचा राजा म्हणून गौरवले होते. मग काय, बडी बडी माणसे येऊ लागली, पदार्थ अमेरिकेत गेला. तेथे त्यात साय पडली आणि आज आपल्याकडच्या हॉटेलांत 'अल्फ्रेडो' म्हणून जे पांढरे, दाट मिळते, ते बहुधा या अमेरिकन वळणाचे असते.

येथे शाकाहारी भगिनींसाठी एक सूचना. फेट्टुचिनीच्या पिठात पुष्कळदा अंडे असते. अस्सल पार्मेझान चीजच्या एका ढेपेला साडेपाचशे लिटरच्या आसपास दूध लागते व ती निदान 12 महिने मुरवतात. पण ते दूध वासराच्या जठरातील रेनेट घालून फाडलेले असते. माळकरी किंवा कडक शाकाहारी बहिणींनी मागवण्याआधी विचारून घ्यावे. विचारण्यात लाज कसली? चांगल्या हॉटेलात नीट उत्तर देतात आणि दुसऱ्या चीजने करूनही देतात.

या सगळ्यात मला एक गोष्ट टोचते. जगभर नाव झाले अल्फ्रेडोचे. त्याला रांधायला शिकवणारी अँजेलिना आणि जिच्यासाठी पदार्थ झाला ती इनेस, यांची नावे किती जणांना ठाऊक असतील? आपल्या गिरणगावातही खाणावळी चालवणाऱ्या बायांनी किती कामगारांना जेवू घातले! त्यांना अन्नदात्री म्हणून पत मिळावी यासाठी प्रेमाताई पुरव यांनी 1975 साली मुंबईत अन्नपूर्णा महिला मंडळ काढले, तेव्हा कुठे बँकांची दारे त्यांना उघडली. चूल बाईची असली तरी नाव मात्र तिने संघटित झाल्यावाचून मिळत नाही, हेच न्यूयॉर्कच्या जेनबाईंनी आणि मुंबईच्या प्रेमाताईंनी दाखवले.

म्हणून मला वाटते, बाहेर जेवायला जाणे ही चैन आहे का, हा प्रश्न पैशांपुरता खरा आहे. ज्याने त्याने आपली ऐपत पाहावी. महागडे हॉटेलच हवे असेही नाही, एखाद्या साध्या उपाहारगृहात मिसळ आणि चहा घेतला तरी चालेल. पण वर्षातून एखाद्या दिवशी तरी वाढणारीने बसावे आणि दुसऱ्याने तिला गरम गरम वाढावे. अल्फ्रेडोला ते एका आजारलेल्या बायकोसाठी सुचले. आपल्या घरातल्या पुरुषांना आणि मुलांना ते बाईचे दुखणे यायच्या आधी सुचावे, आणि न सुचल्यास आपण सुचवावे. निदान घरच्या पुढच्या कार्यात एक पंगत उलटी करून पाहावी: आधी वाढणाऱ्यांची, मग इतरांची. वरण निवणार नाही, आणि घरातली शिस्तही मोडणार नाही.