तिआनजिन : हवा होता एक सामना

डेव्हिस कप, आशिया-ओशनिया गट १, दुसरी फेरी, एप्रिल २०१८. चीन विरुद्ध भारत. जिंकेल त्याला जागतिक गटाची प्लेऑफ. चीनचा पुरुष संघ तोवर जागतिक गटात कधीच पोहोचला नव्हता.

शुक्रवार ६ एप्रिल, पहिली एकेरी
वू यिबिंग अठरा वर्षांचा, आदल्या वर्षीचा अमेरिकन ओपनचा ज्युनिअर विजेता. रामकुमार रामनाथनवर ७-६, ६-४.

दुसरी एकेरी
वू दीने सुमित नागलला ६-४, ६-१ असं झोपवलं. चीन २-०. उरलेल्या तिनांतला एक सामना घेतला की झालं.

शुक्रवार रात्र
त्या वर्षीपासून विभागीय लढती दोन दिवसांच्या झाल्या होत्या. सामने तीन सेटचे, आणि दुहेरी व परतीच्या दोन्ही एकेरी शनिवारीच. पूर्वी दुहेरी हातची गेली तरी सावरायला अख्खी रात्र मिळायची. आता मिळणार नव्हती. माझ्या मते चीनचा घात इथेच ठरला.

शनिवार, दुहेरीचा पहिला सेट
गाँग माओशिन आणि झांग झे, ७-५. आता फक्त एक सेट.
समोर रोहन बोपण्णा आणि ४४ वर्षांचा लिअँडर पेस. डेव्हिस कपमधल्या दुहेरीच्या ४२ विजयांवर तो इटलीच्या निकोला पिएत्रांजेलीच्या बरोबरीत अडकला होता. त्रेचाळिसावा विजय फेब्रुवारी २०१७ मध्ये पुण्यातच व्हायचा, पण न्यूझीलंडच्या जोडीने तो होऊ दिला नाही. पुढच्याच लढतीत, बेंगळुरूला, कर्णधार महेश भूपतीने त्याला वगळलं. तिआनजिनमध्ये बाकावर कर्णधार भूपतीच होता, आणि सोबत प्रशिक्षक झीशान अली. १९९० साली जयपूरला पेसने पदार्पण केलं ते याच झीशानच्या जोडीने. तेव्हा वू यिबिंगचा जन्मही झाला नव्हता.

दुसरा सेट, टायब्रेक
सात गुण मिळाले की लढत चीनची. पाच मिळाले. भारत ७-५. घरच्या मैदानावर, एवढ्या जवळ येऊन!

तिसरा सेट
पुन्हा ६-६, पुन्हा टायब्रेक. या वेळी ७-३. पेसचा विक्रम झाला. पण मला त्याहून मोठी वाटते ती या निकालाने फिरलेली लढत: २-१ ने पुढे असूनही धास्ती आता चीनला होती.

परतीची पहिली एकेरी
शुक्रवारी हरलेला रामकुमार वू दीसमोर उभा राहिला. पहिला सेट टायब्रेकमध्ये, दुसरा ६-३. बरोबरी २-२.

शेवटची एकेरी
नागलच्या जागी भूपतीने प्रजनेश गुणेश्वरनला उतरवलं. डावखुरा, आणि शुक्रवारी न खेळल्यामुळे ताजातवाना. वू यिबिंगच्या खांद्यावर मात्र अख्ख्या संघाचं ओझं. त्या पोराला दोष देणं अन्यायाचं आहे; सामना त्याच्यापर्यंत यायलाच नको होता. प्रजनेश ६-४, ६-२.
भारत ३, चीन २. प्लेऑफला सर्बियात भारत गेला.