रुंद पाऊल आणि सायकलचा बूट

१९८५ साली बर्नार इनोने टूर द फ्रान्स जिंकली, ती लूक या फ्रेंच कंपनीच्या नव्या पेडलवर. स्कीचे बूट अडकवण्याची युक्ती तिने सायकलला लावली आणि पेडलवरच्या चामडी पट्ट्या मागे पडल्या. जुने चामडी बूट निदान वापरून सैलावत. पुढे तळ ताठ झाले, आवरणही कृत्रिम. रुंद पावलांची खरी पंचाईत येथून वाढली.

युरोपीय क्रमांक केवळ लांबी सांगतो: एक अंक म्हणजे दोन तृतीयांश सेंटिमीटर. म्हणून लोक लांब बूट घेतात. बोटांपुढे पोकळी उरते, चवडा आवळलेलाच. वास्तविक सिरॅक्यूजच्या चार्ल्स ब्रॅनॉकने १९२०च्या दशकातच रुंदीही मोजणारे मापयंत्र घडवले होते. उभे राहून चवड्याची रुंदी मोजावी आणि रुंद साच्यावरचाच बूट मागावा.