सात अधिकाऱ्यांचे पत्र

नोकरीच्या आरंभी एका वरिष्ठांनी मला सांगितले होते की आदेश पाळावाच लागतो. मतभेद असल्यास तो मात्र नस्तीवर नोंदवून ठेवावा. पुढे पाहिले ते असे की आदेश सर्वच पाळतात, नोंद क्वचितच कोणी करतो. म्हणून ग्वांतानामोच्या लष्करी तळावरील एक खटला मला वारंवार आठवतो.

माजिद खान हा पाकिस्तानी नागरिक. शाळा अमेरिकेतील मेरीलँडमध्ये झालेली. मार्च २००३ मध्ये तो कराचीत पकडला गेला, तीन वर्षांहून अधिक काळ सीआयएच्या गुप्त तुरुंगांत राहिला आणि सप्टेंबर २००६ मध्ये ग्वांतानामोत आला. तो निरपराध नव्हता. त्याने पोहोचविलेले अल-कायदाचे ५० हजार डॉलर २००३ च्या जकार्ता येथील मॅरियट हॉटेलवरील बॉम्बहल्ल्यास उपयोगी पडले. २०१२ मध्ये त्याने गुन्हा कबूल केला.

शिक्षेची सुनावणी ऑक्टोबर २०२१ मध्ये झाली. हात बांधून टांगणे, दिवसेंदिवस झोपू न देणे, गुदद्वारातून अन्न घालणे, हे सारे त्याने उघड न्यायालयात वाचून सांगितले. यातील शेवटच्या प्रकाराची नोंद तर सिनेटच्या समितीच्या २०१४ च्या अहवालात सीआयएच्याच कागदपत्रांवरून आलेली होती. मात्र छळ करणारे कोणीही साक्षीला आले नाहीत. शिक्षा कमी होण्याच्या बदल्यात त्यांना बोलावण्याचा आग्रह खानने सोडला होता.

दहशतवाद म्हटला की नियमाला अपवाद करण्याचा मोह आपल्यालाही झालेला आहे. पोलिसांपुढील कबुलीजबाब अग्राह्य, हे आपल्याकडे १८७२ पासूनचे तत्त्व; टाडा आणि पोटा यांनी त्याला बगल दिली.

आठ लष्करी अधिकाऱ्यांच्या मंडळापुढे २५ ते ४० वर्षांची मर्यादा होती. त्यांनी २६ वर्षे दिली. आणि त्यांपैकी सात जणांनी दयेची शिफारस करणारे पत्र लिहिले. प्रमुख अधिकाऱ्याने ते स्वतःच्या हाताने लिहिले. ही वागणूक म्हणजे अमेरिकेच्या नैतिकतेवरील डाग आहे, असा त्याचा आशय. शिक्षा घटविण्याचा करार आधीच झाला आहे, हे त्यांना सांगितलेलेच नव्हते. आपल्या पत्रावर एका माणसाची अनेक वर्षे अवलंबून आहेत, असे समजूनच ते लिहीत होते.

फेब्रुवारी २०२३ मध्ये खानला बेलीझ देशात पाठविण्यात आले. पत्रावर नावे नाहीत. सह्यांच्या जागी मंडळातील सदस्यांचे क्रमांक आहेत.