एकसष्टावा

आगीच्या दाव्याचा अहवाल ज्वाळेपासून सुरू करायचा नसतो. मी विमा सर्व्हेअर आहे. गोदाम जळालं की राखेत उभं राहून मागे मागे जायचं, मालकाला जी वेळ सोयीस्करपणे आठवत नाही तिथपर्यंत. त्या मूळ कारणाला आमच्या धंद्यात निकटचं कारण म्हणतात. घड्याळात ते बऱ्याचदा मुळीच निकट नसतं.

हे जळीत माझं स्वतःचं. स्थळ डोंबिवली, हॉलमधलं जेवणाचं टेबल. तारीख 17 ऑगस्ट 2025, रविवार. त्याच आठवड्यात बुधवारी पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारं विधेयक लोकसभेत मंजूर झालं, शुक्रवारी राष्ट्रपतींची सही झाली आणि ही दुकानं मिटली. पुन्हा खेळून वचपा काढायची सोय उरली नाही. उरली ती ‘हँड हिस्टरी’: प्रत्येक डाव, प्रत्येक पान, सेकंदासकट. माझ्यावर किती अन्याय झाला ते मेहुण्याला दाखवायला मी ती उतरवून घेतली होती.

संध्याकाळी 7:50. उरले 4 तास 53 मिनिटं

ऑनलाइन पोकर स्पर्धेची प्रवेश फी 1,100 रुपये. हजार बक्षिसाच्या रकमेत, शंभर साइटचे. पैसे भरताना 28 टक्के जीएसटी, जिंकलात तर निव्वळ रकमेवर 30 टक्के टीडीएस. पत्ते वाटायच्या आधीच सरकार टेबलाशी येऊन बसलेलं असायचं. बायकोने विचारलं, “किती वेळ चालेल?”

“अर्ध्या तासात हरून येतो.”

म्हणजे या घडीला माझी अक्कल जागेवर होती.

रात्री 8:00. उरले 4 तास 43 मिनिटं

412 जण, प्रत्येकाला 20 हजार चिप्स. बक्षीस पहिल्या साठांना. दिवाळीत तीन पत्ती खेळलेल्या माणसाला पोकर चटकन कळतं आणि तिथेच घात होतो. तीन पत्तीत तिन्ही पानं आपली. इथे हातात दोनच, बाकीची पाच टेबलावर सगळ्यांना मिळून: आधी तीन, मग एक, मग शेवटचं. शिवाय दर बारा मिनिटांनी ब्लाइंड, म्हणजे सक्तीची छोटी आणि मोठी बोली, वाढत जाते. नुसतं गप्प बसून राहिलात तरी चिप्स विरघळत जातात.

मी गप्प बसलो. नव्वद मिनिटं जवळपास प्रत्येक पान फेकलं.

9:40. उरले 3 तास 3 मिनिटं

“अहो, जेवायला येताय ना?” ताट लॅपटॉपशेजारी आलं. वरणभात डाव्या हाताने खाता येत नाही, हा एक शोध.

10:52. उरले 1 तास 51 मिनिटं

सर्व्हेअर म्हणून मला इथे थांबावंच लागेल.

माझ्याकडे 38 हजार, ब्लाइंड 1,000-2,000. हातात सत्तीची जोडी. पलीकडच्याने बोली 5,000 वर नेली, मी सगळं लावलं, त्याने क्षणात बरोबरी केली. पानं उघडली. त्याच्याकडे दोन एक्के. अशा सामन्यात एक्के पाचातून चारदा जिंकतात. पहिली तीन पानं: सत्ती नाही. चौथं: नाही. न पाहिलेल्या 44 पानांत आता फक्त दोन सत्त्या, साडेचार टक्के. शेवटचं पान चौकटची सत्ती.

चॅटमध्ये त्याने ‘एनएच’ लिहिलं. नाइस हँड. पोटात आग पडलेली असताना सभ्य माणूस लिहितो ती दोन अक्षरं. मी उत्तर दिलं नाही. मी उभा राहून गॅलरीत फेरी मारून आलो, पावसात.

चिप्स 80 हजारांच्या आसपास गेल्या, पण त्याहून वाईट म्हणजे मी त्यातून धडा घेतला. धडा असा: एक्के आले की जोर दाखवायचा नाही, दबा धरायचा. वास्तविक त्या माणसाने काहीही चुकीचं केलं नव्हतं. चुकीचं मी केलं होतं आणि मला त्याचे पैसे मिळाले होते. गोदामात उघड्या वायरवर ताडपत्री टाकली आणि वर्षभर काहीच झालं नाही, तर मालक ताडपत्रीलाच वायरिंग समजू लागतो. अशा वर्षाचा दावा कोणी दाखल करत नाही, म्हणून आम्हाला ते कधी दिसत नाही.

11:30. उरला 1 तास 13 मिनिटं

आता मला ख्रिस मनीमेकर आठवायला लागला. आडनाव खरंच तेच. टेनेसीचा अकाउंटंट, 86 डॉलरच्या ऑनलाइन स्पर्धेतून लास वेगासच्या विश्वस्पर्धेत पोचला, 2003 साली 839 जणांत पहिला आला आणि 25 लाख डॉलर घेऊन गेला. उरलेल्या 838 जणांना कोणी आठवत बसत नाही. आमच्या स्पर्धेचं पहिलं बक्षीस साधारण 74 हजार रुपये. मी टीडीएस वजा केला आणि आईसाठी वॉशिंग मशिन घेतलं, फ्रंट लोड.

12:20. उरली 23 मिनिटं

दरम्यान बरे-वाईट डाव झाले, नोंद नको. चिप्स 96 हजार, सरासरीपेक्षा कमी. खेळाडू 64. मग 62. मग 61.

12:38. उरली 5 मिनिटं

याला बबल म्हणतात. आणखी एक बाहेर पडला की बाकी सगळ्यांना पैसे. आता प्रत्येक टेबल दुसऱ्या टेबलांचा डाव संपेपर्यंत थांबतं, कोणी मुद्दाम वेळ काढू नये म्हणून. यादीत तळाशी एक गडी होता, चिप्स फक्त 3,000, आणि मोठा ब्लाइंड 8,000. पुढच्या दोन-तीन डावांत तो जाणार हे शेंबड्या पोरालाही दिसत होतं. मी फक्त पानं फेकायची होती.

12:41. उरली 2 मिनिटं

बदामचा एक्का. इस्पिकचा एक्का.

सरासरी 221 डावांत एकदा येते ही जोडी, संध्याकाळपासून पहिल्यांदाच आली. सगळ्यांनी पानं फेकत बोली माझ्यापर्यंत आणली. समोर फक्त मोठ्या ब्लाइंडवाला. मी सगळं लावलं असतं तर त्याने पानं फेकली असती आणि टेबलावरच्या चिप्स माझ्या झाल्या असत्या. पण मी दबा धरला. माझ्या 4,000 च्या छोट्या ब्लाइंडवर आणखी 4,000 टाकले, नुसती बरोबरी. त्याने फुकटात पहिली तीन पानं पाहिली.

राजा, नव्वी, दुर्री.

मी बोली लावली नाही. अजून दबा. त्याने 12 हजार लावले, मी गालात हसून सगळं लावलं. त्याच्याकडे नव्वी आणि दुर्री, म्हणजे दोन जोड्या. कुठलाही शहाणा माणूस बघताक्षणी फेकेल अशी पानं, मीच त्यांना आत बोलावलेली. अजूनही चारातून एकदा मी वाचलो असतो. पंजी. गुलाम.

12:43

‘तुम्ही 61 व्या स्थानावर आहात.’

12:44

मेहुण्याला मेसेज: “एक्के हरले यार. नव्वी-दुर्रीने मारलं.” अक्षरन् अक्षर खरं. दावेदार खोटं फारसं बोलत नाहीत, ते फक्त गोष्ट उशिरा सुरू करतात.

12:45

टेबल बघत बसलो. पुढच्याच डावात 3,000 वाला गेला. साठावा. दोन हजार रुपये.

12:46

लाइट गेली. राउटर बंद, पडदा गोठला. नेट गेलं की वेळ संपताच यंत्र आपोआप पानं फेकतं, मग ती कुठलीही असोत. हीच लाइट पाच मिनिटं आधी गेली असती, तर यंत्राने माझे दोन्ही एक्के फेकले असते आणि दोन हजार मला मिळाले असते.

“अहो,” आतून आवाज आला, “अर्धा तास झाला का? पंखा बंद पडलाय.”